जेवला का बे?

नसीमा आपाले एका मशीननं असभ्य ठरवलं. ही गोष्ट मी विसरणार नाही अन् कोणाले विसरूही देणार नाही. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. शाळेनं मले काढलं नव्हतं, मास्तरानं विनाकारण छडी मारली म्हणून मीच सोडली. तेव्हापासून लिहायचं काम पडलं ते सायकलले बांधायच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव टाकण्यापुरतं. पण या बाईच्या बाजूनं चार ओळी लिहायले शिकलेल्यांपैकी एकही पुढं आला नाही, मंग मीच लिहितो. चुकलं असंल तिथं वाचणाऱ्यानं नीट करून वाचावं.

कारंज्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, तिचं गादी-रजईचं दुकान होतं. नवरा गेल्यावर कापूस पिंजायची मशीन तिनंच हाती घेतली. अंगानं आडवी, आवाज खणखणीत, भुवयांवर कायम कापसाचे तंतू. वयानं मी तिच्या बापाएवढा, तरी अख्खी गल्ली आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणे म्हणून मीही आपाच म्हणायचो. ती मले काका म्हणे.

एक आधीच सांगून ठेवतो. मले 'बे' म्हणायची या गावात कोणाची टाप नाही. 'बे' हा आमच्या वऱ्हाडातला शब्द. बरोबरीच्याले, लहान्याले, ज्याच्यावर जीव आहे त्याले म्हणतात. काय बे, कुठं होता बे, ये बे. मोठ्या माणसाले म्हणत नाहीत. बाहेरच्या मुलखातल्या लोकाइच्या कानाले तो टोचते, हे मले ठाऊक आहे. टोचू द्या.

तिचा पोरगा इम्रान पुण्याले नोकरीले. एका सुटीत आला अन् आईच्या फोनमधी शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्याइच्या शर्यतीचा, खेळ टाकून गेला. खेळाचं नाव मी लिहिणार नाही, फुकटची जाहिरात काहून करू? फोनमधी बैलाची जोडी, फोनमधी जोडी हाकणारा धुरकरी, अंगठ्यानं दाबलं की जोडी पळत सुटते. मी तरुणपणी पटात असली जोडी हाकलेला माणूस. मले हसू आलं.

"आपा, याच्यात शेणाचा वास कुठं आहे?"

"वास तुमच्यापाशी ठेवा, काका. माह्या अब्बाची जोडी होती कामरगावले. बादल अन् सोन्या. पट पाहायले सारं गाव जाये, अन् आमाले म्हणत, पोरीचं काय काम तिथं? मी घराच्या कवेलूवर चढून नुसती धूळ पाह्यली. आता माह्या हातात कासरा आला, तं तुमी शेण मांगून राह्यले?"

त्या दिवसापासून मी शेणाचं नाव काढलं नाही.

त्या खेळाले लागून एक बोलायची खोली होती. म्हणजे खोली नाही, फोनमधीच, पण खेळणारे सारे एकाच वेळी एकमेकांशी बोलत. सुरुवातीले मोजकेच लोक होते. कोणी कामरगावचा, कोणी मानोऱ्याचा, कोणी इथला. सगळे एकदम ओरडत, अन् आपानं "चूप!" म्हटलं की सगळे चूप होत. हे कंपनीच्या ध्यानात आलं अन् त्याइनं तिले त्या खोलीची माडरेटर केलं. तो शब्द तिच्या तोंडात बसत नव्हता. ती म्हणे, "मी झेंडीवाली." पटात झेंडी दाखवणारा असते, तो म्हणंल तेव्हाच जोड्या सुटतात, तशी.

तिचं काम करणं मी रोज समोरून पाहायचो. फोन कापसाच्या ढिगाले टेकवलेला, एका कानात ते वायरचं बोंडूक, दुसरा कान गिऱ्हाइकाले मोकळा, अन् हातात दाभण. गादीले टाके घालता घालता ती सारी खोली सांभाळे. कोणी नवा आला की दोनच सवाल. "गाव सांग. जेवला का बे?" जेवला नसंल तर त्याले खेळू देत नव्हती. "जा, जेवून ये. पट काही पळून नाई चालला." मोठे मोठे मिशावाले तिच्या हुकमानं उठून जेवून येत. दोन कानाचा घोटाळाही होत असे. एकदा एक बाई रजईचा भाव विचारायले आली. आपा फोनमधल्याले म्हणाली, "आधी गाव सांग." बाई म्हणे, "मानोरा." आपा म्हणे, "जेवला का बे?" बाई आल्या पावली वापस गेली.

अन् तिनं दाभण गादीत रोवला की समजायचं, आता कोणीतरी ओट्यावर जाणार.

हा ओटा समजून घ्या, कारण सारा मामला त्याचाच आहे. खेळात एक बटन होतं. ते दाबलं की माणसाले ऐकू येते, पण बोलता येत नाही. कंपनीनं त्याले काही इंग्रजी नाव दिलं होतं. आपानं त्याले ओटा म्हटलं. कोणी शिवीगाळ केली, कोणी कोणाच्या मायबापावर, जातीवर, धर्मावर गेला की, "जा, ओट्यावर बस." घरातून हाकलायचं नाही. बाहेर ओट्यावर बसवायचं, आतलं हसणं-बोलणं त्याले ऐकू येऊ द्यायचं. अन् तिचा कायदा असा होता की ज्याले ओट्यावर बसवलं, त्याले त्याच दिवशी स्वतः फोन करायचा. "राग उतरला का बे? उतरला असंल तं ये घरात." हे तिले कोणी शिकवलं नव्हतं. ते कंपनीच्या कोणत्या कागदातही नव्हतं.

रिठदचा एक गजानन होता. सोयाबीनवाला, डोक्यानं गरम. आपाच्या नवऱ्याचा पुतण्या रफिक तिच्याकडंच कापूस वाहायले होता, त्याच्याशी तो पट हरला अन् हरल्यावर नाही नाही ते बोलला. त्याच्या धर्मावर बोलला. दाभण रोवला गेला, गजानन ओट्यावर. संध्याकाळी आपानं फोन केला तर यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस वाशिमहून आलेल्या बसमधून उतरून, लोकाइले विचारत विचारत, आमच्या गल्लीत आला.

"आपा कोण आहे इथं?"

"मी. तू गजानन ना? आवाजावरून वळखलं. कायले आला?"

"मले ओट्यावर कायले बसवलं ते इचारायले आलो. मी काय चोर आहे?"

"तुले कुठं बसवलं होतं मी?"

"ओट्यावर."

"मंग बस." तिनं दाभणानंच दुकानाचा ओटा दाखवला.

अन् खरं सांगतो, तो बसला. उन्हात. आपा टाके घालत राह्यली. गजानन माह्याकडं पाहे, मी चाकाकडं पाहो. बऱ्याच वेळानं रफिक डोक्यावर गाठोडं घेऊन आला. आपा म्हणाली, "गजानन, हा रफिक. काल तू याच्या धर्माचं काहीतरी सांगत होता. आता सांग, सामने आहे." गजाननची मान खाली. रफिक म्हणे, "पहले ये गठ्ठा उतरवा, मान दुखून राह्यली माही." गजाननानं गाठोडं उतरवलं. चहा झाला. "जेवला का बे?" "नाई." जेवणही झालं. जाताना त्यानं एक रजई घेतली अन् बसच्या टपावर बांधून रिठदले नेली. त्यानंतर त्या खोलीत कोणी चुकीचं बोललं की सगळ्यात आधी गजाननच ओरडे, "ओट्यावर बसायचं आहे का बे? मी बसून आलो, ऊन लय लागते!"

मंग खेळ वाढला. भलताच वाढला. आधी जिल्हा, मंग वऱ्हाड, मंग घाटाखालचे-घाटावरचे सारे. खोलीत पाय ठेवायले जागा नाही असं झालं. कंपनीचा केदार नावाचा एक साहेब आपाले फोन करी. बोलायले गोड, मुंबई-पुण्याकडचा. "आपा, लोक वाढतायत, अभिनंदन." आपा म्हणे, "अभिनंदन कायचं बे? मी जेवला का किती जणाले इचारू?" होता होता केदारलेही ती बे म्हणायले लागली होती. म्हणजे तो तिच्या जीवातला झाला होता. त्याले हे कळलं होतं का, मले शंका आहे.

नव्या लोकाइत एक प्रसादराव नावाचा आला. गाव विचारलं तर म्हणे, "ते आवश्यक आहे का?" बोलणं एकदम पुस्तकी. आमच्या खोलीत कामरगावचे मिलिंद वानखडे होते, पंचायत समितीत नोकरीले, जय भीम घालून खोलीत येणारे, खेळात पक्के. ते त्या दिवशी पट जिंकले. प्रसादराव म्हणाले, "अभिनंदन. आपल्याला खेळातही सवलत मिळते की काय, कृपया कळवावे."

वानखडे नुसतं खोकलले. आपानं दाभण असा रोवला की गादीतून आरपार गेला.

प्रसादरावानं ओट्यावरून कंपनीले तक्रार केली. मी एकही अपशब्द वापरला नाही, म्हणे. अन् खरंच वापरला नव्हता. केदारचा फोन आला. आपानं तो मोठ्या आवाजावर टाकला, म्हणून मलेही ऐकू आलं.

"आपा, त्यांच्या वाक्यात एकही वाईट शब्द नाहीये."

"वानखडेसाहेबाले जेवण गेलं नाई रात्री. माह्याशी बोलले ते. अजून कोणता शब्द पाह्यजे तुले?"

"तसं नाही चालत आता. खूप लोक झालेत. आता मशीन लक्ष ठेवणार. तुम्ही फक्त तुमच्याकडच्या शिव्या सांगा, मी त्या मशीनला शिकवतो."

आता आली पंचाईत. आपानं उभ्या जन्मात तोंडातून शिवी काढली नव्हती. दुकानात बायाइची ये-जा. पण काम म्हटल्यावर ती माघार घेणारी नव्हती. पिंजायच्या मशीनच्या मागं, कापसाच्या पोत्याआड जाऊन बसली अन् फोनवर आवाज भरून पाठवायले लागली. हळू आवाजात एक शिवी सांगे, लाजे, अन् केदारले विचारे, "लिहिलं का बे?" मंग दुसरी. "लिहिलं का बे?" तिसरी तर इतकी हळू म्हटली की मले ऐकू आलं ते फक्त "लिहिलं का बे?" बाहेर आली तेव्हा कानाच्या पाळ्या लाल. "अल्ला माफ करे," म्हणे, "पर काम झालं."

काम कसं झालं ते ऐका. मशीननं ते सारं ऐकलं. प्रत्येक शिवीमागं 'बे'. शिव्या बदलत होत्या, 'बे' बदलत नव्हता. मशीननं हिशेब केला की वऱ्हाडातली सगळ्यात मोठी शिवी म्हणजे बे. अन् त्या कंपनीत, एवढ्या शिकल्यासवरल्या लोकाइत, एकाही माणसानं कान देऊन ते ऐकलं नाही. एकानंही विचारलं नाही की बाप्पा, हे काय आहे. माह्या दुकानात पंक्चर काढलं तर मी टायर पाण्यात बुडवून पाहतो. याइनं काय बुडवून पाह्यलं?

दुसऱ्या आठवड्यात मशीन सुरू झाली अन् आमचे लोक पटापट उडायले लागले. "काय बे" म्हटलं, गेला. "हाक बे" म्हटलं, गेला. मशीनचा ओटा नव्हता. मशीन सरळ घराबाहेर काढी, दार लावी, आतलं काही ऐकू येऊ देत नव्हती. अन् फोन कोण करणार? मशीनले काय माहीत, जेवला का, राग उतरला का. आपा बिचारी दिवसभर एकेकाले फोन लावी. "तुही गलती नाई बे. मी बोलते साहेबाशी." तिकडं कंपनीनं ओट्यावरून उठवलेले प्रसादराव आत बसून कृपया कृपया करत होते. वानखडे आपण होऊन निघून गेले. त्याइनं बे म्हटलं नव्हतं, कोणी काढलं नव्हतं. ज्याले त्या खोलीत खरं जपायचं होतं तोच माणूस गेला, अन् मशीनच्या लेखी तिथं सारं आलबेल होतं.

मंग एक दिवस आपानं खोलीत जाऊन सगळ्याइले धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "घाबरू नका. जेवले का बे सगळे?" अन् फोन काळा झाला. त्याच्यावर अक्षरं आली. तिचा चष्मा कापसात हरवला होता, म्हणून तिनं फोन रस्ता ओलांडून माह्याकडं आणला. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'आपली भाषा असभ्य असल्यामुळे आपणास काढण्यात येत आहे.'

"काय म्हणते, काका?"

मी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिले वाटलं, मी चुकीचं वाचून राह्यलो.

केदारनं फोनवर लय वाईट वाटल्याचं सांगतलं. वरून झालंय म्हणे, शब्द आता मशीनमधून निघत नाही. मी म्हटलं, "शब्द आत घातला तेव्हा वर कोण होतं बे?" फोन आपाच्या हातात होता, तिनं मले हातानंच थांबवलं. केदार म्हणे, तुम्ही 'बे' वापरणार नाही असं मान्य करा, तुम्हाला परत घेतात. तुम्ही आत आलात की तुमच्या लोकांनाही तुम्ही एकेक करून आत घेऊ शकता.

मी तर साफ सांगतलं, थुंक त्या खेळावर. पण ती माह्यासारखी नव्हती.

"काका, माहे लोक बाहेर उभे हायेत. दाराची किल्ली मलेच भेटून राह्यली, तं मी एक शब्द सोडू नाई शकत?"

अन् तिनं 'बे' सोडायची प्रॅक्टिस सुरू केली. रफिकले म्हणे, "रफिक, तू जेवलास का?" रफिक घाबरला. म्हणे, "बडी अम्मी, मेरे से कुछ गलती हुई क्या?" गल्लीतल्या पोट्ट्याइले म्हणे, "बाळांनो, बाजूला व्हा." पोट्टे हसून लोळले. तिच्या तोंडून ते बोलणं असं निघे, जसा बँकेतला कारकून पासबुक फेकून देते. टाके घालता घालता मधातच थांबे, ओठ दाबे, शब्द गिळे. मी समोरून पाहायचो. गिळताना दिसे.

महिनाभर तिनं ते निभावलं. माणसं एकेक करून आत आणली. खोली पुन्हा भरली, पण बोलणं कमी झालं. कोणी मोकळं बोलेना.

शेवटी गजाननची पाळी आली. लय दिवसानं तो आत आला. मी तेव्हा तिच्या ओट्यावरच बसलो होतो, फोन मोठ्या आवाजावर होता.

"राम राम आपा."

"राम राम. जेवलात का, गजाननराव?"

मंग गजानन बोलला, आवाज एकदम लहान पोराचा.

"आपा... तुमी माह्यावर रागावल्या का?"

तिनं दाभण खाली ठेवला. रोवला नाही, ठेवला. मले वाटलं, ती काहीतरी जुळवून सांगंल. कंपनीचं सांगंल, मशीनचं सांगंल.

"नाई रे बाबा. तुह्यावर काहून रागावू? जेवला का बे?"

फोन काळा झाला. या वेळी अक्षरं वाचायचं काम पडलं नाही. ती उठली, पिंजायची मशीन चालू केली, अन् दुकानात इतका कापूस उडाला की दिवे लागेपर्यंत तिचं तोंड कोणाले दिसलं नाही.

तो खेळ आजही चालू आहे. जोरात आहे, म्हणतात. त्या खोलीची माडरेटरी आता कोणाकडं आहे सांगू? प्रसादरावाकडं.

पुढं गाद्या बाजारात तयार यायले लागल्या, दुकानात जीव राह्यला नाही, अन् इम्रान तिले पुण्याले न्यायले आला. ती गेली तेव्हा मी बसस्टँडवर होतो. रफिक होता, वानखडे कामरगावहून आले होते, अन् गजानन रिठदहून, दोन बस बदलून. प्रत्येकाले तिनं जेवला का विचारलं. वानखड्याइले "जेवले का साहेब," अन् गजाननले पाठीत धपाटा घालून, त्या शब्दासकट. तो डोळे पुसत हसत होता.

मले तिनं काही विचारलं नाही. मी जरा बाजूले, खांबाले टेकून उभा होतो. मले असं पुढं पुढं करता येत नाही. ती बसमधी चढली, खिडकीपाशी बसली. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली. तेव्हा ती अर्धी खिडकीबाहेर आली अन् अख्ख्या स्टँडले ऐकू जाईल अशी ओरडली,

"काका! टाइमावर जेवत जा बे!"

बस कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा हात बाहेर होता. स्टँडवरचे सारे माह्याकडं पाहून राह्यले होते. बाजूचा एक रसवंतीवाला, मले चांगला ओळखणारा, हसत म्हणाला, "काका, तुमाले बे म्हणून गेली ते!"

मी म्हटलं, "म्हणंल. तुले काय करा लागते बे?"